लोखंडाच्या वर्णमालेतील हरवलेले अक्षर

#थ्रेड

१/
धातुशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले, तर तापमानानुसार बदलणारी शुद्ध लोखंडाची तीन रूपे त्यात दिलेली आढळतात : अल्फा, गॅमा आणि डेल्टा. ग्रीक वर्णमाला ज्याला ठाऊक आहे, त्याच्या मनात लगेच प्रश्न येईल की अल्फानंतरचा बीटा कुठे गेला? हा छपाईचा दोष नव्हे. बीटा लोखंड एकेकाळी पुस्तकांत होते आणि त्यावरून युरोपातील नामांकित धातुतज्ज्ञ सुमारे तीन दशके भांडत होते. १९२१-२२ मध्ये ते अक्षर गळाले. आजचा थ्रेड त्या हरवलेल्या अक्षराविषयी.

२/
आधी आजचे ज्ञान थोडक्यात पाहू. खोलीच्या तापमानापासून ९१२ अंश सेल्सिअसपर्यंत लोखंड अल्फा रूपात असते. ९१२ ते १,३९४ अंशांपर्यंत ते गॅमा असते. तेथून १,५३८ अंशांना वितळेपर्यंत डेल्टा. याखेरीज ७७० अंशांना आणखी एक घटना घडते : लोखंडाचे प्रबळ चुंबकत्व नाहीसे होते. हे चार आकडे लक्षात असू द्यावेत. पुढची सारी कथा त्यांच्याभोवतीच फिरते.

३/
हे आकडे कोणालाही ठाऊक नव्हते, तेव्हासुद्धा माणूस त्यांचा उपयोग करीत होता. हत्यार लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवायचे आणि त्याची धार कठीण करायची, या क्रियेला मराठीत आपण 'पाणी देणे' म्हणतो. 'पाणीदार' हा शब्दही याच कुळातला. भट्टीतला रंग पुरेसा चढला नसेल, तर कितीही थंड पाण्यात बुडवले तरी पाते मऊच राहते. हे जगभरच्या लोहारांना ठाऊक होते. असे का होते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

४/
हा प्रश्न शास्त्रापुढे आला तो तोफांमुळे. १८६०च्या दशकात सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव्ह कारखान्यात पोलादी तोफा तयार होत. त्यांतल्या काही उत्तम निघत, तर काही चाचणीच्या वेळीच फुटत. पोलाद तेच, कारागीर तेच, तरी परिणाम वेगळा. या कोड्याचा तपास द्मित्री चेर्नोव्ह या तरुण अभियंत्याकडे आला. फुटलेल्या नळ्यांचे भंग पाहताना त्याच्या लक्षात आले की त्यांच्या आतला कण भरड आहे. चांगल्या नळ्यांचा कण बारीक होता.

५/
चेर्नोव्हजवळ उच्च तापमान अचूक मोजणारे साधन नव्हते. होता तो केवळ डोळा. तापलेल्या पोलादाच्या रंगावरून त्याने दोन मर्यादा निश्चित केल्या. पहिल्या मर्यादेच्या, म्हणजे गडद लाल रंगाच्या, खाली पोलाद कितीही वेगाने थंड केले तरी कठीण होत नाही. दुसरी मर्यादा ओलांडली की भरड कण मोडून नवा, बारीक कण तयार होतो. १८६८ साली त्याने हे निष्कर्ष रशियन तांत्रिक संस्थेपुढे मांडले. घन अवस्थेतल्या पोलादाच्या अंतरंगात काहीतरी पालटते आणि ते ठरावीक तापमानालाच पालटते, हे त्यातून स्पष्ट झाले.

६/
याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज गोर यांनी ताण दिलेली लोखंडी तार तापवून निवत ठेवली. निवताना तार आखडायला हवी. ती आखडत होतीही. पण मध्येच एका क्षणी ती उलट किंचित लांबली आणि मग पुन्हा आखडू लागली. हे निरीक्षण १८६९चे. चार वर्षांनी विल्यम बॅरेट यांनी त्यात भर घातली : अंधारात पाहिले असता, निवत चाललेली तार त्याच सुमारास क्षणभर पुन्हा उजळते.

७/
बाहेरून उष्णता न देता तार उजळते, याचा अर्थ उष्णता तिच्या आतूनच बाहेर पडते. पाणी गोठताना जशी उष्णता सोडते, तसेच हे. फरक इतकाच की येथे आधीचा पदार्थही घन आणि नंतरचाही घन. मग नेमके काय पालटले? कार्बनचे हिरा आणि ग्रॅफाइट असे दोन अवतार रसायनशास्त्राला परिचित होते. लोखंडही असेच बहुरूपी असेल काय? हा प्रश्न ज्याने सर्वांत गंभीरपणे घेतला, तो एक फ्रेंच अभियंता होता.

८/
त्याचे नाव फ्लोरिस ओस्माँ (१८४९-१९१२). ल क्रोझोच्या प्रसिद्ध पोलाद कारखान्यात त्याने काही काळ काम केले होते. आंरी ल शातेलिए यांनी प्लॅटिनम आणि रोडियम यांची तापयुग्म-तार नुकतीच सिद्ध केली होती, त्यामुळे भट्टीतले तापमान आता भरवशाने मोजता येऊ लागले. चेर्नोव्हने जे डोळ्यांनी ओळखले, ते ओस्माँने आकड्यांत मांडायला घेतले.

९/
पद्धत साधी होती. लोखंडाचा तुकडा तापवायचा, संथपणे निवू द्यायचा आणि तापमान एकेक अंश उतरायला किती वेळ लागतो, ते नोंदवत जायचे. जेथे उतरणे रेंगाळते, तेथे आतून उष्णता बाहेर पडते आहे असे समजायचे. अशा थांब्यांना त्याने 'थांबा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे आद्याक्षर दिले : ए. तापवतानाच्या थांब्याला त्याला 'सी' जोडले आणि निववतानाच्या थांब्याला 'आर'. आजही जगभरच्या पोलाद कारखान्यांत हीच चिन्हे वापरली जातात.

१०/
शुद्ध लोखंड निववताना ओस्माँला दोन थांबे आढळले. एक ९०० अंशांच्या आसपास, ठळक. दुसरा त्याच्या खाली, जेथे चुंबकत्व परत येते, तो पसरट आणि अस्पष्ट. दोन थांबे म्हणजे तीन प्रदेश आणि तीन प्रदेश म्हणजे तीन रूपे, असे त्याने मांडले. सर्वांत खालचे चुंबकीय लोखंड अल्फा. दोन थांब्यांमधले, चुंबकत्व गमावलेले, ते बीटा. वरच्या थांब्यापलीकडचे गॅमा. आणखी वर, वितळण्याच्या अलीकडे, जे रूप आढळले, त्याला पुढे डेल्टा म्हटले गेले. वर्णमाला अशी पूर्ण झाली.

११/
ओस्माँ येथे थांबला असता, तर वाद पेटला नसता. पण त्याने जुन्या कोड्याचे उत्तर याच रूपांत शोधले. त्याचे म्हणणे असे : बीटा लोखंड स्वभावतःच कठीण आहे. तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की बीटाला अल्फा होण्यास अवधी मिळत नाही. कार्बन त्या पालटाला अडवतो आणि कठीण बीटा थंडीतही अडकून राहतो. पाणी दिलेल्या पोलादाचे काठिण्य म्हणजे कैदेत पडलेला बीटा.

१२/
या मताला कडाडून विरोध झाला. शेफील्डचे जॉन ऑलिव्हर आर्नल्ड हे विरोधकांतले प्रमुख. त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते की काठिण्याचे मूळ कार्बनमध्ये आहे, लोखंडाच्या रूपांत नव्हे. लंडनच्या शाही टांकसाळीचे रसायनतज्ज्ञ विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन मात्र ओस्माँच्या बाजूने उभे राहिले. 'कार्बनवादी' आणि 'बहुरूपवादी' असे तट पडले आणि ब्रिटनच्या आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटच्या सभा त्यांच्या वादांनी गाजू लागल्या.

१३/
या वादाला पंडिती हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. रेल्वेचे रूळ, आगगाडीचे आस, जहाजांचे चिलखती पत्रे, तोफा या सर्वांचे भवितव्य पोलाद कसे तापवावे आणि कसे निववावे यावर अवलंबून होते. आस तुटला की माणसे मरत. काठिण्य कशामुळे येते हे कळल्याखेरीज ते कधी दगा देईल, हेही कळणार नव्हते.

१४/
आणि दोन्ही पक्षांचे मुद्दे सबळ होते. कार्बनवादी म्हणत : शुद्ध लोखंडही याच तापमानांतून जाते, मग पाण्यात बुडवून ते पोलादासारखे कठीण का होत नाही? बहुरूपवादी विचारत : कार्बन तर पोलादात सदैव आहे, मग चेर्नोव्हच्या पहिल्या मर्यादेखाली तापवून बुडवलेले पोलाद मऊ का राहते? एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याकडे पुरते उत्तर नव्हते.

१५/
बीटाच्या मार्गात आणखी एक उघड अडचण होती. बीटा चुंबकीय नाही म्हणावे, तर पाणी दिलेले कठीण पोलाद चांगलेच चुंबकीय असते. होकायंत्राची सुई त्याचीच करीत. त्यातच पिएर क्यूरी यांनी १८९५च्या आपल्या प्रबंधात दाखवले की तापमान वाढते तसे लोखंडाचे चुंबकत्व क्रमाक्रमाने ओसरत जाते. १९०७ मध्ये पिएर वाइस यांनी त्याची उपपत्ती दिली : प्रत्येक अणू हा जणू सूक्ष्म चुंबक आहे आणि उष्णतेच्या धडपडीत त्या चुंबकांची एकदिशा रांग मोडते. मग अणूंची मांडणी तीच राहूनही चुंबकत्व जाऊ शकते.

१६/
सर्वांची मूळ अडचण एकच होती. लांबी, उष्णता, चुंबकत्व, काठिण्य ही सारी बाहेरची लक्षणे. तापाच्या नोंदीवरून वैद्याने रोग ओळखावा, तसे हे निदान होते. लोखंडाच्या आत अणू कसे बसले आहेत, हे पाहण्याचे साधन कोणाजवळही नव्हते. ते साधन १९१२ साली हाती आले. माक्स फोन लाउए यांच्या सूचनेवरून म्युनिकमध्ये झालेल्या प्रयोगाने सिद्ध केले की स्फटिकातून जाणारे क्ष-किरण अणूंच्या मांडणीचा ठसा छायाचित्रपट्टीवर उमटवतात. त्याच वर्षी ओस्माँचे निधन झाले.

१७/
लाउए यांच्या पद्धतीला मोठा, अखंड स्फटिक लागे. धातूचा तुकडा म्हणजे तर असंख्य बारीक कणांची गर्दी. १९१६ मध्ये जर्मनीत पेटर डेबाय आणि पाउल शेरर यांनी चूर्णावरही चालणारी पद्धत काढली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हल यांनी ती स्वतंत्रपणे शोधली आणि १९१७ मध्ये थंड लोखंडाची मांडणी प्रसिद्ध केली. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि मधोमध एक. तिला आपण 'मध्यकेंद्री' म्हणू.

१८/
अल्फाचा चेहरा दिसला. उरलेली रूपे पाहायची, तर लाल-पिवळ्या तापलेल्या लोखंडावर क्ष-किरण सोडायला हवे होते. हे अवघड काम स्वीडनच्या आर्ने वेस्टग्रेन यांनी केले. ते गोथेनबर्गच्या एसकेएफ या बेअरिंगच्या कंपनीत धातुतज्ज्ञ होते. क्ष-किरणांचे प्रयोग त्यांनी लुंड येथे मान्ने सीगबान यांच्या प्रयोगशाळेत केले. १९२१ मध्ये त्यांचा पहिला निबंध आला आणि पुढच्याच वर्षी गोस्टा फ्राग्मेन यांच्यासह दुसरा.

१९/
सुमारे ८०० अंशांना, म्हणजे ऐन बीटाच्या प्रदेशात, पट्टीवर ज्या रेषा उमटल्या, त्या अल्फाच्याच होत्या. तोच मध्यकेंद्री घन, उष्णतेने किंचित फुगलेला. १,००० अंशांच्या वर चित्र पार पालटले : घनाचे आठ कोपरे आणि सहाही पृष्ठांच्या मध्यभागी अणू. ही गॅमाची 'पृष्ठकेंद्री' मांडणी. आणि १,४०० अंशांच्या वर, डेल्टाच्या प्रदेशात? तेथे पुन्हा मध्यकेंद्री घन!

२०/
निकाल लागला. ७७० अंशांना लोखंडाचे अणू जागा बदलत नाहीत. त्यांच्या सूक्ष्म चुंबकांची शिस्त तेवढी मोडते. बीटा हे वेगळे रूप नव्हतेच, ते चुंबकत्व हरवलेले अल्फा होते. डेल्टाही मांडणीने अल्फाचाच अवतार निघाला. मात्र मध्ये गॅमाचा प्रदेश असल्याने त्याचे नाव टिकले. बीटाचे नाव हळूहळू पुस्तकांतून गेले. उरलेल्या अक्षरांची नावे बदलण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, म्हणून ती फट आजही दिसते.

२१/
जुनी निरीक्षणेही आता उलगडली. मध्यकेंद्री मांडणीत जागेचा ६८ टक्के भाग अणूंनी व्यापलेला असतो, पृष्ठकेंद्रीत ७४ टक्के. गॅमा अधिक दाट, म्हणून गॅमाचा अल्फा होताना लोखंड सुमारे एक टक्का फुगते. गोर यांची तार निवताना लांबली ती यामुळे.

२२/
गंमत अशी की दाट गॅमाच कार्बनला अधिक सामावून घेतो : १,१४७ अंशांना सुमारे २.१ टक्के. अल्फा जास्तीत जास्त सुमारे ०.०२ टक्के घेतो. गॅमात एकूण मोकळी जागा कमी असली, तरी ती थोड्या आणि मोठ्या पोकळ्यांत विभागलेली असते. अल्फात ती अनेक चिंचोळ्या फटींत विखुरते. प्रवासी कार्बनला मोठी खोली हवी असते, पुष्कळ कोनाडे नव्हेत.

२३/
यातूनच काठिण्याचे कोडे सुटले. लाल तापलेल्या गॅमात कार्बन विरघळतो. एकदम पाण्यात बुडवले की मांडणी मध्यकेंद्री होऊ पाहते, पण कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो आतच कोंडला जातो आणि घन एका दिशेने ताणला जातो. १९२६ मध्ये विल्यम फिंक आणि एडवर्ड कॅम्पबेल यांनी क्ष-किरणांनी हा ताणलेला घन दाखवला. आडोल्फ मार्टेन्स यांच्या सन्मानार्थ ओस्माँनेच नाव दिलेले 'मार्टेन्साइट' ते हेच. कैदी बीटा नव्हता, कार्बन होता. पण तुरुंग मात्र रूपपालटानेच उभा केला होता. दोन्ही पक्ष अर्धे बरोबर होते.

२४/
येथे कथा संपायला हवी होती. पण वेस्टग्रेन यांच्या निकालाने नवा प्रश्न उभा केला : तापवताना मध्यकेंद्री, मग पृष्ठकेंद्री, मग पुन्हा मध्यकेंद्री असे का? टायटॅनियम, झिर्कोनियम हे धातू थंडीत दाट मांडणीत असतात आणि तापल्यावर सैल, मध्यकेंद्री होतात. ते समजण्याजोगे आहे : सैल मांडणीत अणूंना थरथरायला अधिक वाव असतो आणि उच्च तापमानाला निसर्ग अशा अव्यवस्थेच्या बाजूने झुकतो. डेल्टाचे कोडे त्यामुळे काहीसे सुटते. मग थंड लोखंड सैल का? उलटी गोष्ट तीच आहे.

२५/
उत्तर चुंबकत्वात निघाले. मध्यकेंद्री मांडणीत लोखंडाचे सूक्ष्म चुंबक एका दिशेत उभे राहिले की ऊर्जा घटते आणि एरवी हरली असती ती सैल मांडणी थंडीत जिंकते. ७७० अंशांना ही शिस्त मोडते. शेजारपाजारची थोडी शिस्त त्यानंतरही रेंगाळते. आधार पुरेसा क्षीण झाला की ९१२ अंशांना गॅमा बाजी मारतो. चुंबकीय ऊर्जेचा हा हिशेब धातुशास्त्रात ठळकपणे मांडणाऱ्यांत क्लॅरेन्स झीनर यांचा १९५५चा निबंध महत्त्वाचा आहे.

२६/
या रूपांमधली चढाओढ फार अटीतटीची असते. अल्फाचा गॅमा होताना लागणारी उष्णता ही लोखंड वितळायला लागणाऱ्या उष्णतेच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतकीच आहे. म्हणून थोडी मिसळण पारडे फिरवते. रॉबर्ट हॅडफील्ड यांचे १८८२चे मँगनीज पोलाद थंडीतही गॅमाच राहते. घरातला स्टीलचा डबा चुंबकाला दाद देत नसेल, तर त्यातल्या निकेलने गॅमाला खोलीच्या तापमानालाही जागेवर धरून ठेवले आहे असे समजावे. ९१२ अंशांवरचे लोखंड आपण रोज हाताळत असतो.

२७/
चुंबकत्वाचा आधार काढून घेतला तर काय होते, हे दाबाने दाखवून दिले. १९५६ मध्ये लॉस अलामोसच्या संशोधकांना स्फोटाच्या धक्क्याखाली, वातावरणाच्या सुमारे १ लाख ३० हजार पट दाबाला, लोखंडाचा आणखी एक पालट आढळला. ते नवे रूप षट्कोनी, दाट मांडणीचे निघाले. लोखंडाचे आवर्तसारणीतले खालचे भाऊबंद रुथेनियम आणि ऑस्मियम यांचीही मांडणी तीच. त्याला नाव मिळाले एप्सिलॉन. पृथ्वीच्या घन गाभ्यातले लोखंड बहुधा याच मांडणीत असावे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

२८/
आता ओस्माँचा हिशेब पुन्हा मांडून पाहू. बीटा नावाचे रूप नव्हते, हे खरे. पण चुंबकत्व जाणे ही लोखंडाच्या आयुष्यातली मूलभूत घटना आहे, हे त्याने ओळखले होते. अल्फा का टिकतो आणि गॅमा केव्हा जिंकतो, याची किल्ली त्याच घटनेत होती. क्ष-किरणांनी अक्षर पुसले. त्या अक्षराने दाखवलेली जागा मात्र योग्य होती. चुकीचे नाव दिलेले अचूक निरीक्षण, असे त्याचे वर्णन करता येईल. विज्ञानाच्या इतिहासात अशा निरीक्षणांचे ऋण फार मोठे असते, आणि ते सहसा नोंदले जात नाही.

२९/
म्हणून पाठ्यपुस्तकात अल्फानंतर थेट गॅमा दिसला, की मधल्या फटीकडे क्षणभर पाहावे. तीत चेर्नोव्हचा डोळा आहे, गोर यांची लांबलेली तार आहे, ओस्माँचे थांबे आहेत आणि वेस्टग्रेन यांच्या पट्टीवरच्या रेषा आहेत.

तुमच्या भागातले लोहार हत्याराला पाणी देताना भट्टीतल्या रंगांना काय म्हणतात? ते शब्द ठाऊक असतील, तर खाली अवश्य लिहा. आपल्याकडच्या या ज्ञानाची नोंद अशा शब्दांतच जपलेली असते. (समाप्त)